जरा कळ काढा

१० नोव्हेंबर
अकोले गावात आले. खिडकीतून डोंगर दिसतात, खाली जीपवाले ‘राजूर, राजूर’ ओरडत असतात. जागा आवडली. दवाखान्यात दुखण्यावर संशोधन चाललं आहे. रुग्णाच्या पायाच्या मज्जातंतूत मी केसाएवढी सुई घालते. तंतूतून जाणारा प्रत्येक स्पंद स्पीकरवर टक् वाजतो. तंतू एकदा पेटला की क्षणभर विसावतो, तेवढ्यात पुन्हा पेटूच शकत नाही. दुखणं वाढलं तरी स्पंद मोठा होत नाही, फक्त लागोपाठ येतो. मदतनीस हमिदाआपांना हे सांगितलं, तर म्हणाल्या, “म्हंजे आमच्या सासूवानी. आवाज तोच, पन दम घेत न्हाई.” दिवसभर हसू येत होतं.

१३ नोव्हेंबर
डोंगरातल्या वाडीवरून मनकर्णाबाई आल्या, सुनेला घेऊन. साखरेचा आजार, तळपायांची आग. सुई लागताच स्पीकर लाह्या फुटाव्यात तसा तडतडला. त्या ओरडल्या. बाहेर रांग होती. सोंग करू नका, जरा कळ काढा, असं मी सुनेदेखत म्हणाले आणि स्पीकर बंद केला. सून पदराआड हसली.

मनकर्णाबाईंनी डोळे मिटले. गुडघ्यापासून खाली दोन्ही पाय हातांनी निपटले आणि हात माझ्या यंत्रावर झटकले. “काढली बाई. ऱ्हाऊ द्या आता तुमच्यापाशीच.” चपला घालून शांतपणे गेल्या.

कळ काढा म्हणजे सोसा, हे त्यांना ठाऊक नसेल? मला ओशाळल्यासारखं झालं. थोडंसंच.

१४ नोव्हेंबर
स्पीकर बंद आहे, तरी वाजतो. वायर काढून पाहिली. टक्. टक्. हमिदाआपांना ऐकू येत नाही.

१६ नोव्हेंबर
आता माझ्या तळपायांत. टक् झालं की आग. मधला विसावा कमी होत चाललाय. दवाखान्यातल्या डॉक्टर अंजुमनी तपासलं. सगळं ठीक आहे, म्हणाल्या. ‘सोंग’ हा शब्द त्यांनी वापरला नाही. नजरेत होता. मी मान खाली घातली.

१८ नोव्हेंबर
सून आली, नवे तांदूळ घेऊन. सासूबाईंचं दुखणं गेलं, तुमचे उपकार, म्हणाली. मग रडायलाच लागली. काल सगळे शेकोटीशी गप्पा मारत होते. जळका वास आला. सासूबाईंचा पाय निखाऱ्यांत होता, आणि त्या हसत गोष्ट सांगत होत्या.
मी तांदूळ घेतले. का घेतले?

२० नोव्हेंबर
वाडीवर गेले. पाय टेकवत नव्हता, जीपमधून उतरवावं लागलं. मनकर्णाबाईंचा अंगठा काळा पडलाय. तुमच्या पायासाठी दुखणं परत घ्या, म्हणून सगळ्यांसमोर पाया पडले. “मी वरडले तवा सोंग हुतं,” त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. मग हळूच विचारलं — “माज्या पायासाठी, का तुमच्या?”
तशीच परत आले.

२१ नोव्हेंबर
विसावा नाही. लागोपाठ — बसवत नाही —
पुन्हा जाते. मला असं बघून त्या घेतील. मायाळू आहेत. ते ठाऊक आहे म्हणूनच —
हमिदाआपांना सांगितलं, मनकर्णाबाईंचा पाय वाचवायला जाते. खोटं. पाय जळाला नसता तरी मी — त्या म्हातारीच्या अंगावर ही आग पुन्हा —