तिसऱ्या मजल्यावरचं धरण

१२ मार्च २०२६

आज सकाळी आमच्या शॉवरने माझा जाहीर अपमान केला. डोक्याला शिकेकाई, डोळे घट्ट मिटलेले, आणि वरून येणारी धार सुईत ओवता येईल इतकी! मराठी साप्ताहिकात सदर लिहिणाऱ्या बाईला अर्धवट धुतलेल्या केसांनी जिन्यात यावं लागलं, याची इतिहासाने नोंद घ्यावी. तो घेणार नाही. म्हणून इथे.

गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्याला जाणारा पाइप जिन्यात आमच्या दाराशेजारून जातो. त्याला लाल चाकाचा व्हॉल्व्ह. तो आवळला की खालच्यांचं पाणी आमच्याकडे वळतं. आवळला. शॉवर गरजला. केस झाले, चहा झाला, व्हॉल्व्ह उघडायचा राहिला.

तळमजल्यावरची मोसलेमा संध्याकाळी लॅबमधून दमून आली तर नळ कोरडा. तिने बिल्डिंगच्या ग्रुपवर विचारलं, पाणी कोणाकडेच नाही का? मी जिन्यात जाऊन गुपचूप चाक फिरवलं. ग्रुपवर काही बोलले नाही.

१३ मार्च

पुण्याच्या साप्ताहिकाला गंगेच्या कराराबद्दल खुसखुशीत काहीतरी हवंय. भारत-बांगलादेश करार डिसेंबरात संपतो. दिवसभर वाचलं. फराक्क्याचा बंधारा बांधला तो पाणी हुगळीकडे वळवून कलकत्ता बंदरातला गाळ धुऊन काढायला. बंदर म्हणजे नवऱ्याची, श्यामकांतची जहाज कंपनी, म्हणजे आमची पोळीभाजी. उन्हाळ्यात नदी आटली की दहा-दहा दिवसांच्या पाळ्या. खालचे म्हणतात, पोचत नाही. वरचे म्हणतात, मोजून दिलंय. आम्ही नाशिकचे. जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की माझ्या मामांचा रक्तदाब वाढायचा. वरच्या अंगाला राहायची सवय रक्तातच.

मग सुचलंच. ग्रुपवर करार टाकला – तिसरा मजला भारत, दुसरा मजला तटस्थ निरीक्षक, तळमजला बांगलादेश. दहा दिवस आमचे, दहा दिवस तुमचे. वाद झाल्यास चहावर बोलणी. हसऱ्या चेहऱ्यांचा पूर आला. दुसऱ्या मजल्यावरचे दत्तबाबू, आमचे सेक्रेटरी, त्यांनी तर ओळीने टाकले. (नाव दत्त, पण देणं कधी नाही.) मोसलेमानेही एक हसरा चेहरा टाकला. म्हणजे मिटलं.

२२ मार्च

गच्चीचा पंप जळाला. कलकत्त्यातलं सगळं खिदिरपूर कोरडं नाही, फक्त आम्ही! अंगणातल्या कॉर्पोरेशनच्या नळाला पाणी होतं, तिथे मोसलेमाचे वडील आधीच बादल्या भरून बसलेले. त्यांनी आपली निळी बादली माझ्यापुढे सरकवली. मी घामाने निथळत होते. त्यांनी विचारलं, "पानि खाबेन, मा?"

बंगालीत पाणी खातात, पीत नाहीत. ते चालतं. पण पानि! पंधरा वर्षं इथे राहून माझ्या तोंडून अजून पाणीच निघतं, आणि दत्तबाबू प्रेमाने सुधारतात – जल, बौदी, जल. (बौदी म्हणजे वहिनी.) इथले हिंदू जल म्हणतात, मुसलमान पानि. म्हातारबाबांनी मला कधी सुधारलं नाही. या अख्ख्या इमारतीत माझ्या आईच्या शब्दात पाणी विचारणारा एकच माणूस.

दोन ग्लास प्याले. बादली वर आणली. परत द्यायची आहे.

३ एप्रिल

वॉचमन कुरिअरवाल्याला सांगत होता, हे बांगलादेशचं पार्सल, खाली ठेव. माझा विनोद आता माझ्याशिवाय चालायला लागला! लेखकाला आणखी काय हवं. श्यामकांतला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "त्यांना विचारलंस, हसू येतं का?"

नवऱ्यांना विनोद कळत नाही.

८ एप्रिल

तळमजल्याचा मालक बंगळुरूला असतो. तोही ग्रुपवर आहे, हे मी विसरले होते. त्याने दत्तबाबूंना फोन केला – आपण नक्की कोणाला ठेवलंय? दत्तबाबूंनी सांगितलं, कागद व्यवस्थित आहेत, माणसं मालदा जिल्ह्याची आहेत, पण हो, पानि म्हणतात. मालक म्हणाला, महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा.

हे मला दत्तबाबूंनी जिन्यात, पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. मी म्हटलं, अहो, तो विनोद होता. निवडणूक तोंडावर आहे बौदी, झंझट कशाला, असं म्हणाले. मी म्हटलं, मीसुद्धा पाणीच म्हणते की.

"तुमची गोष्ट वेगळी."

वेगळी कशी, ते मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं, आणि ते माझ्या सोयीचं होतं.

९ एप्रिल

ग्रुपवर खुलासा लिहायला घेतला. तीनदा लिहिला. तिन्ही वेळा गमतीदार झाला. पुसला.

११ एप्रिल

खाली गेले. व्हॉल्व्हचं सांगितलं. करार माझाच, तेही सांगितलं; जणू तिला माहीत नव्हतं. मोसलेमा भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. हात थांबला नाही. म्हणाली, त्यांचं गाव फराक्क्याच्या वरच्या अंगाला होतं. बंधारा झाल्यापासून नदी काठ खात गेली, एका पावसाळ्यात घरही घेतलं. म्हणजे वरचे ते! आणि मी त्यांना नकाशावर उलट्या बाजूला ढकलून दिलं, यमक जुळावं म्हणून.

मी म्हटलं, मालकाशी बोलते. तिने मानेनेच नको म्हटलं. मग सहज विचारावं तसं –

"बौदी, मराठीत जलला काय म्हणतात?"

"पाणी."

ती हसली. खरंच हसली.

"मग तुम्हीही जपून राहा."

१२ एप्रिल

शेवटी टाकलं. सरळ. – व्हॉल्व्ह मी आवळत होते. तळमजला मालद्याचा आहे. मीही पाणी म्हणते. त्यावरून कोणाला घालवायचं असेल तर आधी मला घालवा.

निळ्या खुणा पटापट उमटल्या. मग दत्तबाबू: वाह बौदी, हे आणखी भारी! खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. बंगळुरूहून एक अंगठा.

मालकाला फोन केला. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, लेखकांचं मन हळवं असतं. वर विचारलं, तुमच्यातलं एखादं मराठी कुटुंब आहे का पाहण्यात? शांत माणसं.

पंधरा वर्षं घासून-पुसून नाव कमावलंय. मी खरं बोलले तरी लोक हसतात.

१५ एप्रिल

पैला बैशाख, बंगाली नववर्ष. दत्तबाबूंकडून संदेश आले, खायचे. गोड लागले, हेच वाईट.

२० एप्रिल

पुण्याला कळवलं, लेख देत नाही. कारण विचारलं. पाणी कमी पडलं, म्हटलं. तिकडेही हसले.

२८ एप्रिल

छोटा टेम्पो आला. शहराबाहेर बजबजला खोली मिळाली म्हणे. मी खिडकीतून पाहिलं. खाली जायचं ठरवलं होतं, चपलाही घातल्या होत्या. म्हातारबाबा टेम्पोत पुढे बसले, मांडीवर घड्याळ घेऊन.

लाल चाक पूर्ण उघडं आहे. शॉवरची धार सुईत ओवता येते. तळमजल्यावर वापरायला कोणी नाही, तरीही.

निळी बादली माझ्या न्हाणीघरात.

१७ मे

सियालदहहून लोकल, बजबज. बादली मांडीवर. मोसलेमा कामावर होती, दार तिच्या वडिलांनी उघडलं. बादली दाराआड ठेवली. 

मी उन्हातून आले होते. त्यांनी आधी शेजारच्या उघड्या दाराकडे पाहिलं, मग विचारलं, "जल खाबेन, मा?"