सही न केलेल्या बाईचं पुस्तक

प्रिय वन्सं,

आपलं तिसरं पुस्तक आज छापून आलं. गठ्ठा सोडला, वरचं पुस्तक उघडून नाकाला लावलं आणि तुम्हाला फोन करायला मोबाईल उचलला! तुम्हाला जाऊन पावसाळा उलटला, तरी बोट तुमच्याच नावावर गेलं. म्हणून हे पत्र.

पहिल्या पुस्तकाचं आठवतं? पेरूची छाटणी तुम्ही सांगितली, मी लिहिली आणि आपण दोघी नगरच्या एका प्रकाशकाकडे गेलो. त्याने चाळल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बायकांनी पाककृती लिहाव्यात. त्या खपतात." रिक्षाने भिंगारला, आमच्या घरी आलो. दारात चपला काढताना म्हणालात, "मंगल, छापखाना काय त्याच्या बापाचा हाय? आपुनच छापू."

आणि छापलं की! पुणतांब्याच्या बाजारात पेरूच्या पाट्यांशेजारी मांडून विकलं. मागोमाग दुसरंही काढलं.

मला मेलीला सवय, सुचल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही. तुम्ही दर रविवारी पुणतांब्याला बोलावून बागेत बसवायचात. "सुचंल तवा न्हाई, बसलं की लिवायचं. गाईला धार सुचावी लागती व्हय?" मी वाचून दाखवायचे आणि तुम्हाला जांभई आली की ते पान बाद! किती रडवलंत हो मला!

पण तिसरं पुस्तक साधं नव्हतं. मामंजी गेल्यावर तुमचे दोघे भाऊ, आमचे हे आणि धाकटे भाऊजी, हक्कसोडपत्र घेऊन तुमच्यापुढे आले होते. बहिणीने बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि साडीचोळी घेऊन निघायचं, हीच रीत. नवरा गेल्यावर माहेरी येऊन ती बाग जगवली होती कुणी? तुम्हीच ना! तुम्ही सही केली नाहीत. सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलं आणि भाऊबीज बंद झाली.

तरी दरवर्षी तुम्ही ओवाळायचं ताट तयार करून ओट्यावर बसायचात, हे मला शेजारणीकडून कळलं. मला का नाही सांगितलंत?

दुसऱ्या बायकांना आपलं नाव जमिनीवर कसं लावून घेता येईल, ते सोप्या भाषेत सांगायचं म्हणून आपण लिहायला बसलो. शेवटचं प्रकरण राहिलं आणि तुम्ही गेलात. ही काय वेळ होती जायची?

तेराव्याला भाऊजी उठून म्हणाले, "आक्काच्या नावानं रंगीत स्मृतिग्रंथ काढू. पुढाऱ्यांचे संदेश घेऊ. नाव ठिवू 'त्यागमूर्ती'." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यागमूर्ती! माझं डोकंच फिरलं. भरल्या मांडवात उभी राहिले. "वन्संनी काहीही सोडलेलं नाही. त्यांचं पुस्तक अपुरं राहिलंय, तेच निघेल."

"वैनी, घरातलं वेशीला टांगता व्हय?"

"वेशीला नाही भाऊजी, बाजारात मांडणार. विकायलाच काढतेय."

राग तुमच्यावरही आहे बरं का! शेवटी तुमची स्वतःची गोष्ट घालू म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "नगं, भावांची नावं खराब व्हत्याल." जगातल्या बायकांना सांगायचं भिऊ नका, आणि स्वतःच्या गोष्टीवर पदर ओढायचा? मी घातली ती गोष्ट. नावं नाहीत, फक्त 'एक भाऊ'. ओरडा आता!

छापण्याआधीचं प्रूफ यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "वाचायचं तर वाचा. छापणार तर आहेच." बरेच दिवस ते टीव्हीशेजारी पडून होतं. मग एकदा चहाच्या वेळी यांनी माझ्या हातात दिलं. एका ओळीखाली पेनाची रेघ होती: 'सही कर, नाहीतर माहेर तुटलं समज, असं एक भाऊ म्हणाला.'

"कोणता भाऊ, ते कळत नाही यात," हे म्हणाले.

"मुद्दामच नाही लिहिलं."

"थोरला लिही. मी बोललो होतो ते. उगाच धाकट्यावर नको जायला." आणि कप तसाच ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मी 'थोरला' लिहिलं. वन्सं, मी यांची समजूत घातली नाही. घालायला हवी होती का? आज गठ्ठे मात्र रिक्षातून यांनीच वर आणले. तेव्हापासून वाचत बसलेत.

आता खरी गोष्ट सांगते. काल माझ्या माहेरून, पाथर्डीहून, भावाचा फोन आला. "ताये, आण्णांच्या जमिनीचे कागद करायचेत. सोमवारी ये. तुझ्यासाठी साडी घिऊन ठिवलीय." आवाज इतका मायेचा, की माझा हो निघता निघता राहिला. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलं आणि स्वतःची पाळी आली तर मीच भ्याले. तुम्हीही भ्याला होतात का हो?

वचन देते वन्सं, मी जाणार. तोंड लपवून घरी बसणार नाही. भाच्यांना खाऊ नेईन, भावाच्या पंगतीला पोटभर जेवेन आणि सही करणार नाही. रुसला तर रुसू दे. पिशवीत आपलं पुस्तक घेतलंय, त्याच्यासाठी एक आणि त्याच्या बायकोसाठी वेगळं एक. तिलाही माहेर आहे.

तुमचं न ऐकणारी भावजय,
मंगल