न मोजलेले अकरा दिवस

प्रिय बाबा,

मागच्या बंदरातून फोन केला तेव्हा मी गनीचाचांचं विचारलं आणि तुम्ही लगेच गोऱ्ह्याच्या खुराची गोष्ट काढलीत. म्हणजे अबोला अजून तसाच आहे. ज्यांच्या बियाण्याच्या दुकानात तीस वर्षं चहा प्यायलात, त्यांच्याशी वर्षभर एक शब्द नाही. मग मीही खुराचंच विचारत बसले आणि बोलायचं ते राहून गेलं. समुद्रात फोन लागत नाही. चार दिवसांनी बंदर येईल, तेव्हा हे पत्र टपालात पडेल.

आई विचारत होती, जहाजावर पोरी करतात तरी काय? तिला सांगा, दोर ओढतात आणि बटाटे सोलतात. शिडाचं जहाज म्हटलं तरी शीड काही आपोआप चढत नाही. आम्ही चौदा विद्यार्थी पाळ्या लावून राबतो. पहिले पाच दिवस मी एवढी ओकले, की नांदुऱ्याची खडखडणारी एसटी बरी म्हणायची वेळ आली. आता पोट स्थिरावलं, मन नाही. सगळे चांगले आहेत, पण ते कशावर हसले हे मला त्यांचं हसून झाल्यावर कळतं. आपली बोली कानावर पडावी म्हणून मी जहाजाच्या टोकाला जाऊन स्वतःलाच विचारते, ‘काय करून राह्यली वं अर्पिता?’ उत्तर द्यायला कोणी नाही. बाबा, मला इथे फार एकटं वाटतं, आणि ते फक्त घर लांब आहे म्हणून नाही.

आमचं खरं काम मोजणीचं. रोज दुपारी बारीक जाळं पाण्यात सोडायचं, त्यात आलेले तिळाहून लहान जीव भिंगाखाली मोजायचे आणि तक्त्यात आकडा लिहायचा. गेल्या मंगळवारी लाटा अशा उसळल्या की जाळं सोडताच आलं नाही. तक्ता पुरा करायची पाळी माझी होती. सोमवारी एकशे चाळीस, बुधवारी एकशे साठ, म्हणून मंगळवारच्या घरात मी दीडशे लिहून मोकळी झाले. हात थबकलासुद्धा नाही. आमच्या शास्त्रज्ञ मॅडमनी ते पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. आकड्यावर रेघ मारून ‘मोजलं नाही’ असं माझ्याकडून लिहून घेतलं आणि एवढंच विचारलं, की असं आधी कधी केलं आहेस का. मी नाही म्हटलं.

केलं होतं, बाबा. आपल्या वडनेरच्या शेतात. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी कपाशीत कामगंध सापळे लावले होते, बोंडअळीचे पतंग मोजायला. रोज संध्याकाळी तुम्ही विचारायचात, ‘आज किती वं?’ आणि माझ्या आकड्यावरून फवारणी ठरवायचात. दसऱ्यानंतर या जहाजाची निवड परीक्षा आली. अकरा दिवस मी शेतात गेलेच नाही. अभ्यास करत बसले आणि वहीत लिहिलं, दोन, तीन, एक, तीन. तुम्हालाही तेच सांगितलं. बाराव्या दिवशी गेले तर सापळ्यांच्या पिशव्या पतंगांनी गच्च भरलेल्या. मी त्या शेताच्या कडेला धुऱ्यावर रिकाम्या केल्या. उद्या सांगते म्हटलं, परवा सांगते म्हटलं, आणि गप्प बसले.

पुढे कापूस निघाला तो सगळा कवडी, किडका आणि पिवळा पडलेला. तुम्ही म्हणालात, बियाणंच बोगस. बाजाराच्या दिवशी भर गर्दीत चाचांच्या दुकानासमोर रिकामी थैली आपटलीत. चाचा म्हणाले, ‘महादेव, हेच बियानं म्या माह्या वावरात लावलं. तुले काऊन फसवीन मी?’ तुम्ही म्हणालात, ‘मंग तुह्यं कसं पिकलं बे?’ ते म्हणाले, ‘म्या फवारलं.’ त्यावर तुम्ही छाती ठोकून ओरडलात, ‘माह्या पोरीनं मोजलं होतं!’ चाचा माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली. त्या दिवसापासून अर्ध्या गावानं त्यांच्याकडची खरेदी सोडली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तुमच्या शेजारीच बाजाराची पिशवी धरून उभा. त्यांच्या घरून नूरबीचाचींनी तशातही मला हाक मारून विचारलं, परीक्षेचं काय झालं म्हणून.

काल मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्यांनी माझ्या आतापर्यंतच्या सगळ्या नोंदी तपासायला घेतल्या. पुढच्या बंदरानंतर मला ठेवतील की घरी पाठवतील, माहीत नाही. काय ठरेल ते ठरेल.

हे पत्र मात्र त्यासाठी लिहिलेलं नाही. बाहेरच्या पाकिटावर मी गनीचाचांचं नाव आणि त्यांच्या दुकानाचा पत्ता घातला आहे. आतल्या पाकिटावर तुमचं नाव आहे, पण ते मी उघडंच ठेवलं आणि सोबत चिठ्ठी घातली, की चाचा, आधी तुम्ही वाचा, मग बाबांना नेऊन द्या. वर्षभर बोलणी खाल्लेला तो माणूस माझं एवढं काम करील, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हा चाचा आपल्या दारात उभे आहेत. माझ्यावर काय रागवायचं ते मागून रागवा, बाबा. आधी त्यांना आत बोलवा.

तुमचीच,
अर्पिता