नेटसाठी आधी नेट हवे

मंगळवार, संध्याकाळ

अभ्यासिकेतल्या मुलींनो, आपल्यासाठी दाराची किल्ली नेहमी दाराच्या आतच ठेवलेली असते. आज विहारातल्या आपल्या अभ्यासिकेच्या छोट्या लिनक्स संगणकानेही तेच केले.

अपडेट केल्यापासून त्याच्या वायफाय डोंगलचा निळा दिवा लागत नाही. डोंगल यूएसबीच्या यादीत दिसतो, पण नेटवर्क सापडत नाही. तो चालवणारा नवा ड्रायव्हर प्रोग्रॅम हवा. तो कुठे मिळणार? नेटवर! मी संगणकासमोरच संतापून बोलत सुटलो. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला बसणारी रेखा हसली, "काका, त्याला भाषण कशाला द्यायलाव? तुमचा फोन वायरनं जोडून बघू की."

जोडला. फोनचे नेट मिळाले, ड्रायव्हर उतरू लागला आणि वीज गेली. निळा दिवा लागायचा राहिलाच.

रेखाची परीक्षा रविवारी. घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर शेळ्यांमागे रानात जातो. ऑनलाइन सराव इथेच करायचा. आणि उद्या मी माझा फोन घेऊन दिवसभर जिंतूरला, शिक्षणाच्या हक्कावर बोलायला? भाषणाचे मुद्दे फोनमध्ये आहेत, खरे. पण स्वतःलाच विचारतो: हे मुद्देही पाठ नसतील, तर बोलतोस कशाला?

उद्या एसटीत बसण्याआधी फोन रेखाच्या हातात दे.