हिरवा उतार, निळा उतार आणि मधलं आढं

मी, खाली सही करणारी, शेती करणारी बाई, सगळीकडे ‘पत्रेवाली’ म्हणून ओळखली जाणारी, राहणार शेडच्या समोरच्या घरात, आज पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी खुशीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. आणायची कोणाची छाती झाली असती तर मला कौतुकच वाटलं असतं. माझी बुद्धी शाबूत असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. ते डॉक्टर जनावरांचे आहेत, पण मला माणसांच्या डॉक्टरांपेक्षा तेच जास्त ओळखतात. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. त्यात सगळं मुलाच्या नावावर होतं, कारण तेव्हा तो माझं ऐकत असे.

वकीलसाहेब म्हणाले, “कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा, कारणं लिहायची गरज नाही.” त्यांचा मान राखून मी कारणंही लिहिणार आहे.

कलम पहिलं. माझं राहतं घर आणि बँकेत जे काही असेल ते मुलगा आणि मुलगी या दोघांना निम्मं-निम्मं मिळावं. भांड्यांवरून भांडू नये, ती तेवढ्या लायकीची नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीला मात्र पडदा लावू नये. त्या खिडकीतून शेडचं दार दिसतं आणि वाऱ्याने कुठला पत्रा हलतोय तेही कळतं. सूनबाई शेजारणीकडे म्हणाल्या होत्या, की सासूबाई दिवसभर त्या शेडकडे बघत बसतात. बरोबर आहे. त्यांनीही बघावं.

कलम दुसरं. आता शेड. माझा जीव अडकला आहे तो इथे, हे मी आडपडदा न ठेवता सांगते. माझ्यामागे ही शेड वरून सडत खाली येईल, याची मला जितकी धास्ती आहे तितकी मरणाचीसुद्धा नाही.

लोखंडी खांबांची, पत्र्याची ही शेड आमच्या ह्यांनी आणि भावजींनी, म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाने, मिळून उभी केली. गाडी भाड्याने आणून खांब उतरवले, आणि पत्रे दोघांनी स्वतः चढवले. मी खालून स्क्रू आणि सल्ले पुरवत होते. पुढे वाटणी झाली तेव्हा हद्दीची रेघ नेमकी शेडच्या मधून गेली. एक उतार आमचा, एक भावजींचा. आमचा हिरवा रंगवला, त्यांनी मग मुद्दाम निळा घेतला. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं की रंग कमी पडला असावा.

तर या शेडचा हिरवा भाग मुलगा आणि मुलगी यांना मिळून द्यावा. त्याची आणखी वाटणी करू नये, आम्हाला तिसरा रंग नको. मुलाचं म्हणणं, “आई, हे भंगारात घालू आणि सिमेंटचं बांधू. एकदा बांधलं की विसरून जायचं.” त्याचं ते ‘विसरून जायचं’ मला काही पटलं नाही. शेड पाडायचीच झाली तर त्याने बहिणीची संमती घ्यावी, आणि ती दोघांनी छपरावर उभं राहून घ्यावी. मुलाला उंचीची भीती वाटते, हे नोंदीसाठी लिहिते.

कलम तिसरं. शेड ज्याच्या हातात जाईल त्याने ती पुढीलप्रमाणे सांभाळावी. मी हे वर्षानुवर्षं बोलत आले, पण बोललेलं घरात कोणी ऐकत नाही, म्हणून आता कायद्याच्या भाषेत.

पावसाळ्याआधी पन्हळीतला पाचोळा हाताने काढावा. काठीने ढकलू नये, काठीने तो पुढे जाऊन तोंडाशी अडकतो आणि पाणी उलटं पत्र्याखाली शिरतं. पक्ष्यांची घाण साध्या पाण्याने धुवावी. प्रत्येक स्क्रूखालचं रबरी वायसर बघावं. तडकलं असेल तर बदलावं. स्क्रू आवळताना वायसर पत्र्याला नुसतं टेकलं पाहिजे, पिळून बाहेर आलं की ते गेलंच म्हणून समजावं. जोर दाखवायला दुसऱ्या जागा आहेत.

खताची पोती भिंतीला टेकवून ठेवू नयेत. फळ्यांवर ठेवावी आणि मध्ये माणूस जाईल एवढी जागा सोडावी, कारण खत पत्र्याला आतून खातं आणि बाहेरून काही कळत नाही. थंडीत पत्र्याला आतून घाम येतो. म्हणून वरच्या जाळ्या उघड्या ठेवाव्यात, वारा लागतो म्हणून त्यात चिंध्या कोंबू नयेत. चिंध्या कोणी कोंबल्या होत्या ते मला माहीत आहे. बाहेरून भिंतीच्या पायाशी गवत वाढू देऊ नये. सरकत्या दाराची पट्टी आधी झाडावी आणि मग तेल घालावं. आधी तेल घातलं तर कचऱ्याचा लगदा होतो आणि दार कुथायला लागतं.

गंजाचा ठिपका दिसला की तो तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावा, मग प्रायमर, मग रंग. हा क्रम बदलू नये. या क्रमावरून आमच्या घराची दोन घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत, ते पाचव्या कलमात येईल.

मुलाने छपरावर सौरऊर्जेची तावदानं बसवून घेतली तेव्हा बसवणाऱ्यांनी भोकं पाडली आणि लोखंडाचा कीस तिथेच सोडून गेले. तो कीस गंजला आणि हिरव्या पत्र्यावर तांबडे ठिपके उठले. मुलगा म्हणाला, “रंगाचा दोष आहे.” रंगाचा काही दोष नव्हता. कीस झाडायला एक साधी केरसुणी पुरली असती.

कलम चौथं. माझी सगळी हत्यारं, म्हणजे पाने, तारेचे ब्रश, ड्रिल मशीन आणि वायसरचा डबा, मुलीला मिळावीत. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. त्याला पोती हलवता येतात, गवत काढता येतं, आणि जमिनीवर तो हिशोबाने वागतो. पण वाऱ्यात पत्रा वाजला की माझी मुलगी जेवणावरून उठते आणि कुठल्या ओळीतला स्क्रू ढिला आहे ते अंगणातून सांगते. हे शिकवून येत नाही, मी मुलाला शिकवून पाहिलं आहे.

कलम पाचवं. आढं. दोन्ही उतार वर जिथे मिळतात, तिथे मधून वाकवलेला एक लांब पत्रा बसवलेला आहे, तो निम्मा आमचा आणि निम्मा भावजींचा. त्याच्यावर गंज धरला तेव्हा भावजी वर चढले आणि न घासताच वरून रंग फासून खाली आले. दुसऱ्या दिवशी मी चढले आणि तो रंग खरवडून काढला. त्याच वेळी खाली अंगणात त्यांच्या सासरचे पाहुणे बसले होते. रंगाचे पापुद्रे त्यांच्या चहात पडले असं भावजींचं म्हणणं आहे. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. समोर असले तरी माझ्या मुलाला सांगतात, “वहिनीला सांग, तिचं दार उघडं राहिलंय.” मीही त्याच मुलाला सांगते, “काकांना सांग, दिसतंय मला.” माझं नाव पत्रेवाली त्यांनीच ठेवलं, चिडवायला. मला ते आवडलं, याचा त्यांना जास्त राग आहे.

मी बरोबर होते. आजही आहे. गंज पाहुणे उठायची वाट बघत नाही.

पण तेव्हापासून आढ्याला दोन्ही घरांतलं कोणी हात लावलेला नाही. आता ते मधोमध गळतं. थेंब बरोबर हद्दीच्या रेघेवर पडतो, म्हणून एक बादली माझी आणि एक त्यांची, अशा दोन बादल्या तिथे कानाला कान लावून बसलेल्या आहेत. आम्हा दोघांपेक्षा त्यांचं बरं चाललं आहे.

हेही लिहून ठेवते, की भावजी त्यांच्या मुलाकडे राहायला गेले की मी त्यांची पन्हळ साफ करते. आणि मी आजारी होते तेव्हा माझ्या जाळीची तुटलेली तार कोणीतरी बांधून गेलं होतं, टोकं आत वळवून, कोणाच्या हाताला लागू नये म्हणून. टोकं अशी आत वळवणारं माणूस मी एकच पाहिलं आहे.

कलम सहावं. आढ्यापर्यंत पोचणारी लांब शिडी या दोन घरांत एकच आहे आणि ती माझी आहे. ती मी भावजींना देते. हत्यारं माझ्या मुलीकडे आणि शिडी भावजींकडे, म्हणजे एकाचं दुसऱ्यावाचून अडेल. शिडीला एक अट जोडलेली आहे. वर एका घरातलं माणूस असेल तर खाली शिडी धरायला दुसऱ्या घरातलं माणूस असलं पाहिजे. वकीलसाहेब म्हणाले, “असली अट कोर्टात टिकणार नाही.” मी म्हटलं, “कोर्टात कशाला, शेडमध्ये टिकली की झालं.”

कलम सातवं. हे मी शेडमध्येच, पिंपावर कागद ठेवून लिहिते आहे. सह्यांसाठी वकीलसाहेब त्यांच्या कारकुनाला घेऊन इथे आले. एक साक्षीदार कारकून झाले. दुसरे साक्षीदार डॉक्टर होते, पण त्यांचा निरोप आला की एक गाय अडली आहे, येता येणार नाही. गाय आधी, हे बरोबरच आहे. वकीलसाहेब घड्याळ बघू लागले. भावजी त्यांच्या बाजूला दाराच्या पट्टीत तेल घालत होते. मघापासून एकाच जागी घालत होते, कारण वकीलसाहेब सगळी कलमं मोठ्याने वाचत होते.

“मी करतो सही,” ते तिकडूनच म्हणाले.

वकीलसाहेब म्हणाले, “तुमची चालणार नाही. साक्षीदार झालात तर तुमच्या वाट्याची शिडी जाईल.”

“जाऊ दे. शिडी घेऊन मी काय करू? माझे गुडघे कुठे चढू देतात!” मग ते रेघ ओलांडून आमच्या बाजूला आले, बादल्यांना वळसा घालून, आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाले, “वहिनी, शिडी तुमच्याकडेच असू द्या. धरायला मी आहे. ते कागदावर घालायची गरज नाही.”

मध्ये मुलगा उभा होता, मुलगी वायसरच्या डब्यापाशी. सवयीने तो म्हणाला, “आई, काका म्हणतायत...”

“ऐकलं मी,” मी म्हटलं. मग मी मुलीला शिडी लावायला सांगितली.

तर सहाव्या कलमातली देणगी रद्द, शिडी मुलीला. आत्ता ती वर आहे, भावजी दोन्ही हातांनी शिडी धरून आहेत आणि तोंडाने सूचना देत आहेत, ज्यांतल्या निम्म्या चुकीच्या आहेत. आढं घासून झालं, वायसरं बदलली, प्रायमर लागला. वरचा रंग हिरवा की निळा यावर एकमत झालेलं नाही, आणि मला घाई नाही. सही करण्याआधी भावजींनी एक वाक्य लिहून घ्यायला सांगितलं: “गंज खरवडायलाच हवा होता, हे मान्य. पण चहात पापुद्रे पडले होते.” लिहून घेतलं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मला तो पटला.

सही: पत्रेवाली

ठिकाण: शेड, हिरवी बाजू

दिनांक: मंगळवार, आढ्याला प्रायमर लावला तो दिवस. आकड्यातली तारीख वकीलसाहेबांनी शिक्क्याखाली घातली आहे.

साक्षीदार पहिले: वकीलसाहेबांचे कारकून. आढं घासताना गंज अंगावर पडल्याची त्यांची तक्रार नाही.

साक्षीदार दुसरे: भावजी, निळी बाजू. यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. सही करताना त्यांनी शिडीवरचा एकच हात काढला.