दिवा खाली केल्यावर

बाबा, त्यानं हात डोळ्यांवर आडवा धरला आणि मी स्टिअरिंगजवळची दांडी मागे ओढली. दिवा खाली आला. त्याबरोबर तो माणूस नाहीसा झाला. बॉनेटपुढचा डांबराचा तुकडा राहिला, कडेची पांढरी रेघ राहिली, त्यापलीकडे काही नाही. "आई, ब्रेक!" शेजारून लेक ओरडली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा तो आमच्या समोरच उभा होता. हातात सायकल, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या रिकाम्या कॅन. सायकलला दिवा नव्हता. तिचं पुढचं चाक आमच्या बंपरपासून हातभर अंतरावर होतं. त्यानं सायकल वळवली, माझ्या खिडकीशी आला, वाकून आत पाहिलं. शिवी तोंडात आली असावी. पिकल्या केसांची बाई पाहून त्यानं ती गिळली. "मैडमजी," तो म्हणाला, "लाइट मारो तो मारो, गाड़ी मत मारो." आणि सायकल ढकलत निघून गेला.

आम्ही कानोत्याच्या धरणावरून परत येत होतो. लेक पुण्याहून चार दिवस आली आहे. तिला पाणी बघायचं होतं, मला तिला बघायचं होतं. थंडीत इथं संध्याकाळ लवकर मिटते. चहा पिऊन निघेपर्यंत अंधार पडला. गाडी मी चालवत होते. ती मीच चालवते. मी शिकवते ते कॉलेज त्याच रस्त्यावर आणखी पुढं आहे, आणि मालवीय नगरच्या घरात मी एकटीच असते. गाडी बंद झाली तर कॉलेज बंद होईल, कॉलेज बंद झालं तर माझ्याशी बोलायला सकाळी दूधवाला आणि संध्याकाळी टीव्ही. म्हणून गेल्या वर्षी लेकीनं हट्टानं ही गाडी घ्यायला लावली. तुम्ही असता तर बॉनेट उघडून तासभर आत बघत बसला असता. हिचे दिवे आपोआप वरखाली होतात. काचेच्या माथ्याशी एक लहान कॅमेरा आहे. समोर रिकामा अंधार असला की मोठा दिवा, समोरून कुणाचे दिवे आले की छोटा, ते गेले की पुन्हा मोठा. "मतलब, तुला काही करायचंच नाहीये," लेकीनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "ऑटोवर ठेव आणि विसरून जा."

मी ठेवलं. वर्षभर मला ते आवडलं. समोरून ट्रक आला की ही गाडी न चुकता नजर खाली करते. ट्रकवाले तेवढं करत नाहीत. पण हिला ओळखता येतो तो फक्त दिवा. ज्याच्याजवळ दिवा नाही त्याच्यासाठी ती झुकत नाही. पायी येणारी बाई, उंटगाडी, दूधवाल्याची सायकल, यांच्या तोंडावर ती मोठा दिवा तसाच धरून ठेवते. त्यांच्यासाठी मी हातानं दांडी ओढते. ही तुमची सवय.

आमेरच्या रस्त्यावर तुम्ही मला गाडी शिकवत आहात. निवृत्तीनंतर घेतलेली जुनी अँबॅसॅडर, तिचा दिवा खाली करायचा डिपर क्लचशेजारी जमिनीत, डाव्या पायानं दाबायचा. माझे दोन्ही पाय आधीच गोंधळलेले. समोरून उंटगाडी येते आणि मी मोठा दिवा तसाच ठेवते. "त्याच्या डोळ्यांत काठी घालतेस," तुम्ही म्हणता. आवाज चढवत नाही. तो तुमचा कधी चढलाच नाही, ते जास्त लागायचं. मी म्हणते, "उंटाला काय कळतो डिपर?" तुम्ही म्हणता, "उंटाला कळतो. तू शीक." गाडीवान जवळून जाताना हात वर करतो आणि तुम्हीही करता, अगदी रेल्वेच्या इंजिनातून करत असाल तसा, कोपर खिडकीवर टेकवून. आज माझ्या गाडीला क्लच नाही. डावा पाय रिकामा असतो. तरी समोर कुणी आलं की तो जमिनीवर दाबला जातो.

तुमच्या कामातही तोच नियम होता. एकेरी मार्गावर दोन गाड्या स्टेशनातच भेटतात. एक बाजूच्या रुळावर थांबते, दुसरी शेजारून निघते, आणि दोघांनी एकमेकांसाठी दिवा मंद करायचा. रात्री रुळांवर गस्त घालणारा माणूस दिसला की शिट्टी द्यायची. तुम्ही शिट्टी द्यायचात आणि क्षणभर दिवाही उतरवायचात. शिट्टी नियमात होती. दिवा तुमचा होता.

मला आता सारखं आठवतं ते आपलं क्वार्टरमधलं स्वयंपाकघर. मी नववीत असेन, ताटात मटार सोलत बसले आहे. आई भाकरी करते आहे. तुम्ही एका डोळ्यावर तळहात ठेवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचता, मग दुसऱ्या डोळ्यावर. ड्रायव्हर लोकांची डोळ्यांची तपासणी जवळ आली आहे. तुमच्या जोडीचे एक ड्रायव्हर दारात बसून चहा पितात. तपासणीचा तक्ता वर्षानुवर्षं तोच, त्यामुळे बहुतेक जण तो पाठ करूनच जातात. "अरे मराठे," ते म्हणतात, "ताश के बावन पत्ते याद रहते हैं, सात अक्षर नहीं रहेंगे? मैं बोलता हूँ, तू रट." तुम्ही हसता. "रट लूँगा, यार. पण पटरी पे अक्षर थोडे लिखे रहते हैं." तेही हसतात, कपबशी पालथी घालतात आणि जातात.

ते गेल्यावर आई भाकरीवरून नजर न काढता विचारते, "दिसतं ना पण तुम्हाला?"

"मोठा दिवा असला की दिसतं," तुम्ही म्हणता. "मोठ्या दिव्यात कुणालाही दिसतं. स्टेशनात शिरताना मंद केला की फलाटाची कड जाते."

"मग नका करू मंद. कोण येतंय बघायला?"

"समोरचा बघतो."

आईनं भाकरी उलटली. ती करपली होती. तिनं ती स्वतःच्या ताटात ठेवली. मला वाटलं, तुम्ही दोघं दिव्यावरून वाद घालता आहात.

मग तुम्ही डॉक्टरांना आपणहून सांगितलंत. गाडी चालवणं गेलं. शेडमध्ये एक टेबल मिळालं. मी शाळेत सांगितलं, बाबा साहेब झाले. तुम्ही त्याच डब्यात त्याच भाकऱ्या घेऊन रोज ठरल्या वेळी जायचात, ठरल्या वेळी यायचात, जे आधी कधी जमलं नव्हतं. रात्री जेवताना लांब कुठं इंजिनाची शिट्टी झाली की तुमचा घास क्षणभर थांबायचा, मग पुढं जायचा. आईही थांबायची. काही दिवसांनी घास थांबेनासा झाला. तुम्हाला सवय झाली, असं मी धरून चालले. त्या वयात माणूस जे सोयीचं तेच धरून चालतो. नंतर तुम्ही अँबॅसॅडर घेतलीत, मला शिकवलीत. अंधार पडला की स्टिअरिंगवर मी आणि शेजारी तुम्ही. मला वाटायचं, शिकवणी आहे म्हणून.

दूधवाला गेल्यावर लेकीनं मला शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः चालवायला घेतलं. मग म्हणाली, "ऑटोला हात कशाला लावलास? तो ठीक चालला होता."

"त्याच्या डोळ्यांत जात होता."

"पण तुला तो दिसत होता ना! लो केलास आणि गाडी सरळ त्याच्यावर. आई, मला लो बीममध्येपण दिसत होता तो. पूरा. कॅनसकट."

समोरून बस आली, दिवा आपोआप उतरला, आणि मी काचेतून पाहिलं. डांबराचा तुकडा. कडेची रेघ. लेक मात्र सहज चालवत होती, एका हातानं.

वर्षभर मी मोठ्या दिव्यात पाहत होते, बाबा. दिवा खाली आला की वेग कमी करायचा किंवा पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांमागून जायचं, आणि त्याला मी सावधपणा म्हणत होते. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ दोनदा घेऊन मोडली. परीक्षा होत्या, पाहुणे होते. लेकीनं घरी पोचल्यावर गाडी लावली, किल्ली नेहमीच्या खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "उद्या मी येते तुझ्याबरोबर." मी म्हटलं, एकटी जाईन. ती म्हणाली, "रिक्षानं." मी म्हटलं, रिक्षानं.

आता ती झोपली आहे आणि मी हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, हे पत्र कुठं टाकणार? तुम्हाला एकच विचारायचं होतं. डॉक्टरांसमोर बसलात तेव्हा ती सात अक्षरं तुम्हाला खरंच पाठ येत नव्हती का? घरात एवढे दिवस त्यांचंच बोलणं चाललं होतं. मला वाटतं, येत होती.

काल एवढंच लिहून ठेवलं. आज सकाळी रिक्षानं गेले. आधी उजवा डोळा. शेवटची ओळ मी सावकाश, चाचपडत का होईना, वाचली. मग डॉक्टरांनी उजवा झाकला. डाव्या डोळ्यानंही मी तीच ओळ म्हणून दाखवली, जराही न अडखळता. "बढ़िया, मैडम," ते म्हणाले आणि लिहायला वळले. मी खुर्चीवरून उठले नाही. म्हटलं, "डॉक्टर साहब, लाइन बदल दीजिए." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बदलली. पहिलं अक्षर मी वाचलं. पुढं थांबले.