तापात उमललेलं प्रेम

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खालच्या शिवणवाल्या मावशींकडे पोचलं. यापुढेही त्यांच्याच पत्त्यावर लिही. मी खिडकीतून दोरीला पिशवी सोडते, त्या पत्र टाकतात. फोन त्याच्याकडे असतो, आणि मला दिला तरी स्पीकर लावूनच देतो. (सासूबाईंसमोर मी ‘हे’ म्हणते, तुला लिहिताना ‘तो’च येतं. चूक काढू नकोस.)

काल साडेसातला तू संवाद लिहितेस ती मालिका लागली. सासूबाई खुर्चीत, मी खाली शेंगा मोडत. बापाच्या हट्टापायी बळेच उजवलेली तुमची ती नवरी आरशासमोर उभी राहून म्हणाली की मी होकार दिला नाही, मी फक्त गप्प बसले. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. ताई, हे वाक्य माझं आहे. लग्नाच्या रजिस्टरवर सही करून बाहेर पडल्यावर जिन्यात मी ते तुला म्हटलं होतं. तिथे तिसरं कोणी नव्हतं.

सासूबाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, बिचारी पोर, गाय कसायाच्या दावणीला बांधली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, आटप लवकर, तो येईल आता.

मी रागावलेले नाही. फक्त माझं आणखी काय काय उचललं आहेस ते आधी कळव, म्हणजे ऐकताना चेहरा सांभाळता येईल.

तुझ्याकडे नमस्कार सांगावा असं मोठं कोणी नाही, तेव्हा सगळे तूच ठेवून घे.

तुझी,
बिट्टी

---

१९ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

हो, चोरलं. आम्ही सहाजण बिनखिडकीच्या खोलीत बसून संवाद लिहितो. दुपारी चारपर्यंत उद्याचे प्रसंग द्यावे लागतात. त्या दिवशी काही म्हणता काही सुचेना, आणि तुझं वाक्य हाताशी होतं. मुख्य लेखकांनी टेबलावर थाप मारून शाबासकी दिली. मी ती निर्लज्जासारखी घेतली.

पण जिन्यातलं वाक्य घेतलं, दवाखान्यातलं नाही घेतलं. बाबा छातीच्या दुखण्याने खाटेवर पडले होते आणि तू हो म्हणेपर्यंत गोळीला तोंड लावणार नाही म्हणून अडून बसले होते. तेव्हा तुझ्या कानाशी लागून, हो म्हणून टाक, पुढचं पुढे बघू, असं मीच म्हणाले. ते पुढचं मी कधी बघितलं नाही. माझी खोली एवढीशी, त्यात आणखी एक मुलगी राहते, अशी कारणं स्वतःला सांगत राहिले.

तुझ्या पत्रात थट्टा फार असते. माणूस थट्टेच्या आड काय ठेवतो हे कळण्यावर माझं पोट आहे. तेव्हा मला नीट सांग, तो कसा वागतो? लग्नाआधी तू कामाला होतीस त्या चष्म्याच्या दुकानात तुझ्या जागी डोळे तपासायला अजून कोणी मिळालेलं नाही म्हणे. मालकांशी बोलू का?

आशीर्वाद द्यायचा हक्क उरला असेल तर देते.

तुझी,
ताई

---

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तो मारत नाही. तुझ्या मनात पहिलं तेच आलं असेल, म्हणून पहिलं तेच लिहिलं.

तो बोलत नाही. मी हातभर अंतरावर उभी असते आणि तो आईला म्हणतो, तिला सांग, चहा गार आहे. सासूबाई मला सांगतात, चहा गार आहे. मी सासूबाईंना म्हणते, आणते दुसरा. आधी मला हसू यायचं. न्हाणीघरात दार लावून मी तिघांच्या आवाजात नक्कल करायचे. हल्ली करत नाही. परवा आरशात स्वतःला हाक मारून बघितली, तर आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

कामावर निघताना तो दाराचं दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं कुलूप बाहेरून लावून जातो. एक किल्ली त्याच्या खिशात, दुसरी सासूबाईंच्या कमरेला. दुकानाचं मी विचारून पाहिलं. आईमार्फत उत्तर आलं की परक्यांच्या डोळ्यांत डोकावायचं काम आपल्या घरातल्या बायकांनी कशाला करायचं.

ताई, एक मागते. सासूबाईंचा जगात कशावर भरवसा असेल तर तुझ्या मालिकेवर. शेजारीण आजारी पडली तरी त्या म्हणतात, मालिकेत दाखवलं होतं तसंच झालं. तुमच्या त्या पोरीला एकदा सासूकडे किल्ली मागू दे. आणि सासूला ती देऊ दे. एवढं एकदा सासूबाईंच्या डोळ्यांदेखत झालं, की मी मागेन. माझी जीभ तेव्हाच उचलेल.

वाट बघणं सोडून इथे दुसरं काम नाही, तेव्हा घाई नाही असंही म्हणवत नाही.

तुझी,
बिट्टी

---

२१ एप्रिल

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

किल्लीचा प्रसंग मी लिहिला. मुख्य लेखकांना आवडला. वाहिनीच्या बाईंनी दोन ओळी वाचून कागद पालथा घातला. म्हणाल्या, नायक लोकांच्या गळ्यातला ताईत झालाय, आता त्याला खलनायक ठेवून चालणार नाही. त्याला ताप येईल, ती तीन दिवस उशाशी बसून पट्ट्या बदलेल, आणि चौथ्या दिवशी तिला कळेल की आपलं ह्याच्यावर प्रेम आहे. मी म्हटलं, तापाने अंग तापतं, माणूस बदलत नाही. त्यांनी विचारलं, तुमचं लग्न झालंय का? सगळे हसले.

मग मुख्य लेखकांनी हळूच विचारलं, दुसऱ्या कोणाला देऊ का लिहायला? मी नको म्हटलं. मीच लिहिलं, बिट्टी. चांगलं उतरलंय, हे त्याहून वाईट.

गुरुवारी लागेल. जमलं तर डोकं दुखतंय म्हणून आत पडून राहा.

तुझी माया मागायला आज तोंड नाही.

ताई

---

२९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्ता बदललेला दिसेलच. हे बायकांचं वसतिगृह आहे. खोलीत चार खाटा, तिघीजणी.

गुरुवारी मी आत पडून राहिले नाही. समोर बसून सगळं बघितलं. ती पट्टी पिळताना रडली, त्याने तिचा हात धरला. संपायच्या आतच बाबांचा फोन आला. स्पीकरवर म्हणाले, बघितलंस ना, वेळ लागतो, पण जमतं सगळं. त्याने फोन खिशात घातला आणि लग्नानंतर पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून बोलला. म्हणाला, शिक तिच्याकडून. आणि हात धुवायला गेला.

सासूबाईंनी टीव्ही बंद केला. मालिका चालू असताना त्यांनी बटण दाबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, खोटं आहे. मी म्हटलं, काय? त्या म्हणाल्या, ह्याच्या बापाचे ताप मी चाळीस वर्षं काढले. रात्र रात्र बसले. माझ्या मनात एकदाही काही उमललं नाही. मला वाटायचं, माझ्यातच काही खोट आहे.

सकाळी तो कामावर गेला. त्यांनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, मी अंघोळीला जाते, मला तास लागतो. मी शाळा-कॉलेजचे दाखले तेवढे घेतले. दाराशी थांबून काहीतरी बोलावंसं वाटलं. आतून पाण्याचा आवाज येत होता. मी गेले.

बाबांनी दार अर्धंच उघडलं. म्हणाले, परत जा, मला हे सोसणार नाही. मी त्यांच्या गोळ्यांची चौकशी केली आणि जिना उतरले. दुकानाच्या मालकांनी मात्र एक शब्द न विचारता माझा जुना कोट काढून दिला.

तुझ्याकडे आले नाही. अजून येववत नाही. पण पत्र तुलाच पहिलं लिहिते आहे, तेवढं समजून घे.

तुझी,
बिट्टी

---

८ मे

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

तुझे कपडे आणावेत म्हणून न विचारता तुझ्या सासरी गेले होते. दाराला बाहेरून कुलूप. खालच्या मावशींनी हाक मारली तेव्हा तुझ्या सासूबाई खिडकीत आल्या.

आता दोन्ही किल्ल्या तो घेऊन जातो. त्यांनी त्याला सांगितलं की किल्ली आपल्याकडूनच टेबलावर विसरली. त्याला ते पटलं नाही. त्या दिवसापासून तो त्यांच्याशीही बोलत नाही. निरोप द्यायला मधे माणूस नाही, त्यामुळे घरात कोणीच बोलत नाही. टीव्ही त्याने उचलून नेला.

त्यांनी पिशवीतून तुझे दोन ड्रेस आणि स्वेटर सोडला. घड्या इस्त्रीसारख्या होत्या. पोर जेवते का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मला माहीत नव्हतं, तरी म्हटलं. त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. रोज दहा पानं संवाद लिहिणारी मी, रस्त्यात मान वर करून उभी राहिले.

काय करू, सांग. या वेळी पुढचं मी बघेन.

तुझी,
ताई

---

११ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पोलीस चौकीत गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी ऐकून घेतलं, माझ्याकडून लिहून घेतलं, आणि माणसाला कुलपात कोंडणं गुन्हा आहे म्हणाल्या. त्यांचा माणूस सोबत येईल. मी रविवार मागितला. रविवारी तो घरी असतो, म्हणूनच; जे व्हायचं ते त्याच्यासमोर होऊ दे. तू दहाला मावशींच्या दुकानापाशी ये. आत मी बोलेन.

सासूबाई यायला तयार होतील, असं मला वाटत नाही. मुलगा आहे, घर आहे, चाळीस वर्षं आहेत. नाही म्हणाल्या तर मी ओढणार नाही, माझ्या बाबतीत ओढाओढ झाली तेवढी पुरे.

तरी वसतिगृहाच्या बाईंना चौथी खाट सोमवारपर्यंत कोणाला देऊ नका म्हणून सांगितलं आहे. सासूबाईंना खिडकीची हवा लागते, म्हणून माझी खाट आज भिंतीकडे सरकवली. खिडकीपाशी त्यांच्या खाटेवर चादर घालून ठेवली आहे.

वेळेवर ये. बाकी लोभाचं भेटल्यावर.

तुझी,
बिट्टी